मुलगा आल्यावर दादा कादंबरीतून जातो कुठे?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. 62,000 शब्दांचा खर्डा तयार आहे. नायिका पुण्याची, 19 वर्षांची. थोरला भाऊ डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात डेंग्यूनं चार दिवसांत गेला. फेब्रुवारीअखेर ती त्याची मोटरसायकल काढून एकटीच कोकणात निघते. ताम्हिणी, हरिहरेश्वर, मग किनाऱ्यानं खाली गणपतीपुळ्यापर्यंत. वाटेत तिच्याच वयाचा मुलगा भेटतो आणि शेवटी वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघत दोघं एकमेकांना होकार देतात. दुःखाच्या पाच टप्प्यांप्रमाणे तुम्ही पाच भाग पाडलेत. खर्डा वाचलेल्या दोन्ही मैत्रिणी म्हणाल्या, "मुलगा आल्यावर दादा गेलाच कुठे?" म्हणून तुम्ही विचारताय की दुःख किती आणि प्रेम किती, याचं प्रमाण काय ठेवावं.

अडचण प्रमाणाची नाही. तरुण वाचकांसाठीच्या अशा कादंबऱ्यांचं संपादन करताना हीच तक्रार सर्वांत जास्त वेळा समोर येते आणि तिचं मूळ जवळपास दरवेळी एकच असतं. दुःखाचे प्रसंग वेगळे आणि प्रेमाचे प्रसंग वेगळे लिहिलेले असतात. पहिल्या एकतृतीयांश भागात रडणं उरकलं की मुलगा औषधासारखा येतो आणि पुढे दुःखाला काही कामच उरत नाही. मग दादाच्या आठवणीची दोन पानं मध्येच घुसडली तरी ती ठिगळासारखी दिसतात. दादा आणि तो मुलगा एकाच प्रसंगात, एकाच वस्तूवर एकमेकांना अडवायला हवेत. एवढं जमलं की प्रमाण आपोआप जमतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. मृत्यू वर्ष-दोन वर्षांपूर्वीचा असता तर मी वेगळं सांगितलं असतं. तुमच्याकडे जेमतेम तीन महिने झालेत, घर अजून धक्क्यातच आहे. निवेदन प्रथमपुरुषी आहे का, यानंही फरक पडतो, कारण "मी" बोलत असेल तर तिला स्वतःबद्दल जे कळलेलं नाही ते तिनं सांगता कामा नये. आणि भाऊ आत्महत्येनं गेला असता तर पद्धतीचं वर्णन पूर्ण टाळा असं सांगितलं असतं. प्रेम मिळालं असतं तर वाचला असता, असा सूर तर चुकूनही नको. अशा कादंबरीच्या शेवटच्या पानावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा क्रमांक छापावा असंही माझं मत आहे. तुमच्या कथेत तसं नाही, म्हणून पुढे जातो.

पहिलं काम कागदावरचं. खर्डा पुन्हा वाचू नका, फक्त प्रसंगांची यादी करा. 62,000 शब्दांत साधारण 50 ते 60 प्रसंग निघतील. प्रत्येकापुढे तीन रकाने आखा. पहिल्यात, या प्रसंगात दादा कशात आहे? वस्तू, सवय, कुणाच्या तोंडचं वाक्य, न उचललेला फोन, काहीही चालेल, पण "तिला दादा आठवला" हे चालणार नाही. दुसऱ्यात, प्रवासात काय अडलं? तिसऱ्यात, दोघांमध्ये काय बदललं? पहिला रकाना सलग तीन प्रसंग रिकामा राहिला की तिथे लाल खूण करा. तुमच्या मैत्रिणींना दादा हरवल्यासारखा वाटला ती जागा बहुधा तीच असेल. दुसरा आणि तिसरा दोन्ही रकाने रिकामे असतील तर त्या प्रसंगात नायिका नुसती बसून विचार करतेय. असे प्रसंग कापा किंवा शेजारच्यात मिसळा.

आता पाच टप्पे. ही विभागणी काढून टाका, असं अगदी आग्रहानं सांगतो. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी 1969 साली हे टप्पे मांडले ते स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर लावले गेले, आणि माणसं त्या क्रमानं शोक करत नाहीत. कादंबरीत त्याचा तोटा असा की "राग" हा भाग संपला की नायिकेला रागावायची सोयच राहत नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी 1999 मध्ये मांडलेला विचार लेखकाच्या जास्त कामाचा आहे. शोकातलं माणूस दोन टोकांमध्ये येरझारा घालतं. एकदा गेलेल्या माणसाकडे, एकदा समोरच्या कामाकडे, आणि हे एकाच दिवसात कितीदा तरी होतं. सकाळी ती दादाचा शर्ट नाकाशी धरेल, अकराला पंपावर हवा भरताना मापाचा आकडा विचारेल, दुपारी सोलकढी पिताना खळखळून हसेल आणि हसल्याबद्दल संध्याकाळभर गप्प राहील. तुमची येरझार पाच भागांत पसरलीय, ती एका दिवसात आणा. हसण्यानंतरची ती अपराधी भावना तर फार मोलाची आहे. प्रेमकथेतला खरा अडथळा तोच आहे, त्यासाठी वेगळा खलनायक लागत नाही.

दादा सगळीकडे हवा म्हणजे भूतकाळात वारंवार जायचं, असं मात्र नाही. मागे नेणारा तुकडा 300 शब्दांच्या वर गेला की प्रवास थांबतो. तो समोरच्या वस्तूतून सुरू व्हावा आणि समोरच्याच कशानं तरी तुटावा, हॉर्ननं, हाकेनं, ऊतू जाणाऱ्या दुधानं. आणि दादाला दोष द्या. आपल्याकडे गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलत नाहीत, त्यामुळे मराठी खर्ड्यांत मेलेली माणसं फार लवकर देव होतात. देवाची कुणाला आठवण येत नाही. तिच्याकडून घेतलेले दीड हजार परत न देणारा, तिच्या मैत्रिणीसमोर तिची नक्कल करणारा, आईशी खोटं बोलताना तिला साक्षीला उभी करणारा दादा असेल तर तो गेल्यावर तिचं भांडण अर्धवट राहतं. ते अर्धवट भांडणच वाचकाला पुढे ओढतं.

त्या मोटरसायकलकडे वळतो, कारण तुमच्या कादंबरीतली सर्वांत मोठी ठेव तीच आहे आणि तुम्ही ती फक्त वाहन म्हणून वापरलीय. मालक वारला की गाडी वापरणाऱ्या वारसानं 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि 3 महिन्यांच्या आत फॉर्म 31 भरून नाव बदलायचा अर्ज करायचा असतो. वारसा कायद्यानुसार अविवाहित हिंदू मुलाची पहिल्या क्रमाची वारस त्याची आई. म्हणजे आईच्या सहीशिवाय ती गाडी मुलीच्या नावावर होत नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून तीन महिने मोजा, मुदत मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपते. तुमची नायिका फेब्रुवारीअखेर निघते! हे घड्याळ तुमच्या हातात आयतं आहे आणि खर्ड्यात त्याचा उल्लेखही नाही. आई सही का करत नाही? सही केली तर तो गेला हे कागदावर मान्य केल्यासारखं होईल, म्हणून. हे कुणीही बोलून दाखवायचं नाही. फॉर्म फ्रिजवर चुंबकानं लावलेला, त्यावर वाण्याची यादी, एवढं पुरे. आता "मन मोकळं करायला कोकणात जाते" यापेक्षा निघण्याला ठोस कारण मिळतं. गाडी बेकायदा ठरायला आठ दिवस उरलेत आणि दादानं तिला मागे बसवून गणपतीपुळ्याला न्यायचं कबूल केलं होतं.

घरचे विधी असेच घड्याळ म्हणून वापरा. दहावा-तेरावा उरकलाय, महिन्याचं मासिक चालू आहे, वर्षभर सण नाहीत. लहान वयात गेलेल्या अविवाहित मुलाचं काय काय करायचं हे घराघरांत वेगळं असतं, तेव्हा तुम्ही निवडलेल्या कुटुंबाची रीत एखाद्या जाणत्या बाईला विचारून पक्की करा. बौद्ध घर असेल तर जलदानविधी, मुस्लिम घर असेल तर चाळीसावा. नाव आणि आडनाव एका घरचं, विधी दुसऱ्या घरचे, ही चूक वाचक लगेच पकडतात. आणि फेब्रुवारी-मार्चचं कोकण म्हणजे शिमगा. पालख्या नाचतात, चाकरमानी गावी येतात, घरगुती मुक्कामाच्या खोल्या भरलेल्या असतात. जिच्या घरी यंदा सण नाही ती मुलगी पालखीच्या गर्दीत सापडते, हा प्रसंग तुमच्याकडे नाही. तो लिहा. शिमग्याची तिथी दरवर्षी सरकते, म्हणून कादंबरीचं साल ठरवून पंचांग बघून घ्या.

मुलगा. 62,000 शब्दांत तो 11-12 हजार शब्दांच्या आसपास यावा. तुमच्याकडे तो चौथ्या पानावर येतो, म्हणजे वाचकाची दादाशी ओळख व्हायच्या आधीच. त्याला समुपदेशक करू नका. त्याचंही कुणी गेलेलं दाखवायचा मोह आवरा, कारण मग दोघं एकमेकांना समजूनच घेत राहतात आणि काही घडत नाही. त्याचा स्वतःचा प्रवास कशासाठी आहे ते ठरवा आणि ते तिच्या दुःखाशी निगडित नसावं. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्यानं चांगल्या मनानं एक चूक करावी, दादाच्या वस्तूवर.

जवळून दाखवतो. अशा खर्ड्यांत बहुधा या धर्तीची वाक्यं असतात: "त्याच्या डोळ्यांत बघताना मला जाणवलं, दादा गेल्यापासून पहिल्यांदाच मी मोकळा श्वास घेतेय." यात दादा निव्वळ तारीख सांगायला आलाय. हाच टप्पा दाभोळला फेरीबोटीच्या धक्क्यावर असा लिहिता येईल (मुलाचं नाव सुजय धरू):

"धोपाव्याची बोट अजून पलीकडेच होती. सुजय माझ्या गाडीला टेकून उभा होता. बोलता बोलता त्यानं उजवा आरसा धरला आणि किंचित खाली वळवला.

'तुला मागचं काही दिसतच नसणार. नुसतं आभाळ होतं त्यात.'

मी बसून बघितलं. मासळीचा टेंपो, त्याच्यामागे एसटी, तिच्यामागे वळणापर्यंतचा रस्ता.

'हात लावायला कुणी सांगितलं होतं?'

'अगं, पण...'

'दादाच्या उंचीला लावलेला होता तो.'

बोट लागली. सगळ्यांनी गाड्या सुरू केल्या. मी डाव्या आरशावर हात ठेवून तशीच बसले."

उंच माणसासाठी लावलेल्या आरशात बुटक्या माणसाला रस्त्याऐवजी वरचं दिसतं, ही साधी भूमिती आहे. कुठल्याही गाडीवर बसून पडताळून बघा. पुण्यापासून ती मागचं काही न बघता चालवत आलीय, हे वाचकाला सांगावं लागलं नाही. मुलाची काळजी खरी आहे आणि चूकही खरी आहे. तिनं त्याच्यावर रागावणं म्हणजे दादाची बाजू घेणं. तिन्ही रकाने एका प्रसंगात भरले. इथून पुढे एका आरशात रस्ता आणि दुसऱ्यात आभाळ, असाच तिचा प्रवास होऊ द्या. डाव्या आरशाला शेवटच्या चौथ्या हिश्शापर्यंत कुणी हात लावू नये, आणि त्याचा अर्थ निवेदनात एकदाही सांगू नये. सांगितलात की तो आरसा मेला म्हणून समजा.

बोटीची जागा मुद्दाम निवडलीय. या वाटेवर तीन फेरीबोटी लागतात: बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. पाण्यातला वेळ पाव तासाच्या आसपास, पण बोट पलीकडे असली की धक्क्यावर बराच वेळ थांबावं लागतं. निघून जाता येत नाही, फोनला रेंज असेलच असं नाही, दोघांना एकमेकांशी बोलावंच लागतं. तीन बोटी म्हणजे तीन सक्तीच्या भेटी. तुमच्या खर्ड्यात मात्र सगळं बोलणं धावत्या गाडीवर होतं. हेल्मेट घालून, वाऱ्यात, दोन वेगळ्या गाड्यांवरची माणसं इतकं लांब बोलू शकत नाहीत.

आतापर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर, पाच भाग काढा, प्रसंगांचे रकाने भरा, मुदतीचं घड्याळ चालू करा, मुलाला उशिरा आणा आणि त्याच्या हातून आरसा वळवा. आता बारीकसारीक.

नकाशावर बोट ठेवून वाट तपासा. वेळास हे बागमांडल्याच्या बोटीनं पलीकडे उतरल्यावर थोड्याच अंतरावर आहे. उत्तरेकडून येणाऱ्याला ते पहिल्याच बोटीनंतर लागतं, दाभोळ-गुहागरच्या कितीतरी आधी. गणपतीपुळ्याला पोचल्यावर ती दोघं एका परिच्छेदात वेळासला कशी येतात? तेवढं अंतर परत यायला त्या रस्त्यांवर जवळजवळ पूर्ण दिवस जातो. म्हणून वेळास शेवटी नको, सुरुवातीच्या टप्प्यात ठेवा. तसंही इवली पिल्लं लाटेत शिरतात आणि नायिका नव्यानं जगायला लागते, हे इतकं नेमकं बसतं की वाचकाला ते पन्नास पानं आधीच दिसतं. तिथे खरं काय होतं ते वापरा. किनाऱ्यावर कुंपण घालून घरटी जपलेली असतात, अंडी उबायला दीड-दोन महिने लागतात, सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघतात, आणि कितीतरी वेळा तिच्याखाली काहीच नसतं. लोक कॅमेरे बंद करून चहाला जातात. तिला एकही पिल्लू दिसू देऊ नका. ते न दिसणं तिच्या दादाच्या राहिलेल्या सहलीशी जास्त जुळतं.

ऋतू सांभाळा. फेब्रुवारीत ताम्हिणीत धबधबे नसतात. झाडावर हापूस पिकलेला नसतो, मोहोर आणि कैऱ्या असतात. घाटात सकाळी हाताला झोंबणारी थंडी आणि माणगावला उतरल्यावर घाम, हे एका दिवसात येतं. किनाऱ्याच्या वळणावळणाच्या रस्त्यांवर बोटींसह दिवसाला 100-120 किलोमीटर पुष्कळ झाले, तेव्हा तुमचा एक 260 किलोमीटरचा दिवस दोन दिवसांत तोडा. आणि एकट्या मुलीला घरगुती मुक्कामाला काकू पहिला प्रश्न "एकटीच?" हाच विचारतील, मग आधार कार्ड मागतील. "भाऊ येतोय मागून" असं उत्तर तिच्या तोंडून निघून गेलं तर? हे खोटं पुढे तीन प्रकरणं पोसता येईल, कारण दुसऱ्या दिवशी मुलगा दारात आल्यावर काकू त्यालाच भाऊ समजतील. तिची पंचाईत तिथून सुरू होते.

बोलण्यातली जवळीक आपल्या भाषेत संबोधनांतून दिसते, त्याचा फायदा घ्या. मुलगा आधी "तुझा भाऊ" म्हणेल. कितीतरी दिवसांनी नकळत "दादा" म्हणून जाईल. ती त्याला टोकेल की ऐकून घेईल, हा तुमच्या कादंबरीतला चुंबनापेक्षा मोठा क्षण होऊ शकतो. दादाचं खरं नाव तिच्या तोंडून एकदाच येऊ द्या, आणि ते रडताना नको, कुठल्यातरी कोरड्या कामात, म्हणजे हवालदारानं गाडीची कागदपत्रं बघून "हे कोण?" असं विचारल्यावर. क्रियापदांचा काळही असाच. "दादा साखर घेत नाही... नव्हता घेत" अशी चूक तिला तीन-चारदा करू द्या. शेवटाकडे ती चूक कमी होत गेली तर वाचकाला आतून कळतं.

होकारावर कादंबरी संपवू नका. होकार 45 हजार शब्दांच्या आसपास येऊ द्या आणि उरलेल्या 15-17 हजारांत घरी जाण्याचा भाग लिहा. कोकणात जे सहज वाटलं ते पुण्यातल्या त्या दोन खोल्यांत, दादाच्या चपला दाराशी असताना, तिला सोसेल का? आईला या मुलाबद्दल कसं सांगायचं? ती सांगते की लपवते? प्रवासानं माणूस बदलला की नाही याची परीक्षा घरीच होते, आणि या विषयावरच्या बहुतेक खर्ड्यांत नेमकी तीच पानं लिहिलेली नसतात.

शेवटचा प्रसंग मी आरटीओच्या खिडकीशी ठेवेन. मुदतीचा शेवटचा दिवस, रांग, आई बरोबर आलेली, फॉर्मवर सही अजून नाही. मुलगा तिथे नसावा, फार तर त्याचा एखादा न वाचलेला मेसेज असावा. आईकडे पेन नसतो, मुलगी दादाच्या जॅकेटच्या खिशात हात घालते आणि तिथे काय सापडतं ते तुम्ही ठरवा. मी सांगत नाही, कारण ते तुमच्या दादाच्या त्या एका दोषातून यायला हवं. तो दोष आधी ठरवा, आणि मगच प्रसंगांच्या रकान्यांना हात घाला.